पाटाचे पाणी आणि पंचांचा शब्द
(खानदेश-बागलाणातील फडपद्धतीची ओळख)



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते राजे, किल्ले आणि लढाया. पाण्याचा विषय निघाला तरी आपण राजांचीच नावे घेतो. खडकी शहराला नहरेने पाणी देणाऱ्या मलिक अंबरचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते घेतलेही पाहिजे. परंतु नहर बांधणे ही एक गोष्ट झाली आणि तिचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना न्यायाने पोचविणे ही दुसरी. पहिले काम सत्ता आणि पैसा यांच्या बळावर काही वर्षांत उरकते. दुसरे काम रोज करावे लागते, आणि ते करणाऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत सापडत नाहीत.

प्रस्तुत लेखात अशाच बिननावाच्या लोकांच्या एका मोठ्या कर्तृत्वाची ओळख करून द्यावयाची आहे. हे कर्तृत्व दूरदेशीचे नाही. आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठांवर ते घडले. त्याचे नाव 'फडपद्धती'. तीनचारशे वर्षे चाललेली ही व्यवस्था आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांना ठाऊक होती. आपल्या मुलांना मात्र तिचे नावही माहीत नाही. वर्गात एकदा मी मुलांना विचारले, "पाणी कोठून येते?" एकाने सांगितले, "टाकीतून." दुसरा म्हणाला, "टँकरमधून." दोघेही खरेच बोलत होते. परंतु टाकीच्या पलीकडे एक नदी असते आणि नदीच्या दोन्ही काठांना माणसे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

नदी, बंधारा आणि पाट

प्रथम भूगोल पाहू. पांझरा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर साक्री तालुक्यात उगम पावते आणि धुळे शहरातून वाहत जाऊन तापीला मिळते. मोसम आणि आरम या बागलाणच्या डोंगरांतून निघतात आणि गिरणेला मिळतात; मोसम व गिरणा यांच्या संगमावरच मालेगाव वसले आहे. गिरणाही शेवटी तापीलाच मिळते. या नद्यांच्या उगमाकडे पाऊस बरा पडतो, पण पूर्वेकडे उतरावे तसतसा तो कमी होत जातो. म्हणजे डोंगरात पडलेले पाणी खाली कोरड्या मुलखात नीट वळविता आले तरच तेथे बागायत होणार.

यासाठी जुन्या लोकांनी प्रचंड धरणे बांधली नाहीत. नदीच्या पात्रात योग्य जागा पाहून त्यांनी दगडचुन्याचे बेताच्या उंचीचे बंधारे घातले. बंधाऱ्याने पाण्याची पातळी थोडी वर उचलली जाई आणि ते बाजूने काढलेल्या पाटात शिरे. पाट उताराच्या अंदाजाने काढलेला असे, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच शेतापर्यंत जाई. पाटाला चाऱ्या आणि चाऱ्यांना आणखी लहान चाऱ्या. ना इंजीन, ना मोट, ना बैल. एका बंधाऱ्यावरून सांडलेले आणि शेतांतून झिरपलेले पाणी पुन्हा नदीत येई आणि खालच्या गावचा बंधारा ते अडवी. एकाच नदीवर असे बंधाऱ्यामागून बंधारे होते. वरच्या गावाने सगळे पाणी गिळले आणि खालचे गाव कोरडे राहिले, असे सहसा होत नसे, कारण बंधाऱ्याची उंचीच तेवढी ठेवलेली असे.

फड म्हणजे काय?

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे काही मोठे भाग पाडले जात. अशा एका भागास 'फड' म्हणतात. लहान फड दहा हेक्टरांचा, तर मोठा दोनशे हेक्टरांपर्यंतचाही असे. बहुधा एका गावाच्या वाट्यास चार फड येत. आता या पद्धतीतील खरी खुबी लक्षात घ्या. एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात आणखी काही, आणि एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. कोणत्या फडात काय पेरावयाचे आणि कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हे नदीतील पाण्याचा अंदाज घेऊन सर्व शेतकरी एकत्र बसून ठरवीत.

तुम्ही विचाराल, ज्याची जमीन पडीक फडात गेली त्याने काय करावे? याचे उत्तर जमिनीच्या वाटणीतच होते. प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे उसाचा फड पिकला तर त्यात सर्वांचा वाटा, आणि एखादा फड कोरडा राहिला तर त्याची झळही सर्वांना. पाऊस चांगला झाला तर जास्त फड भिजत. ओढगस्त आली तर कमी. टंचाई वाटून घेतली जाई. एकाचे पीक तरारलेले आणि शेजाऱ्याचे करपलेले, हे दृश्य फडात दिसत नसे.

फडात एकच पीक असल्याचे इतरही फायदे होते. सर्व पिकास पाण्याची गरज एकाच वेळी आणि सारखीच, त्यामुळे पाळी ठरविणे सोपे. शेजारच्या उसाचे पाणी झिरपून आपला हरभरा सडला, ही तक्रार नाही. दरवर्षी पीक फिरते ठेवल्यामुळे आणि मधूनमधून जमिनीस विश्रांती मिळाल्यामुळे तिचा कसही टिके. आज बारमाही पाण्याने अनेक ठिकाणी जमिनी चोपण झाल्या, त्यांचे मालक हे वाचून सुस्कारा टाकतील.

कारभार कोण पाही?

इतकी बारीक व्यवस्था चालविण्यास माणसे लागतात. शेतकरी आपल्यांतून पंच निवडीत. पंचांच्या हाताखाली हवालदार असे. पाणी ठरल्याप्रमाणे चालले आहे की नाही, यावर त्याची देखरेख. त्याखाली पाटकरी. फडाला पाणी भरण्याचे काम तोच करी. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः पाणी घ्यावयाचे नाही, हा या पद्धतीतील मोठा नियम होय. पाटकरी एका टोकापासून निघे आणि शेत कोणाचे आहे हे न पाहता, पाटलाचे असो की गरिबाचे, ओळीने भिजवीत जाई. त्याच्या जोडीला जागल्या. गुरांपासून आणि चोरांपासून त्याने फड राखावयाचा. या सेवकांस मोबदला पिकातून मिळे. पीक चांगले आले तर त्यांचेही घर भरे, म्हणून सर्व फड चांगला पिकावा ही त्यांचीही इच्छा असे.

हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्यास सर्वांनी हात लावावयाचा. बंधाऱ्याची डागडुजी सर्वांची. नियम मोडणाऱ्यास पंचांपुढे उभे राहावे लागे. हे नियम कोणत्याही छापील पुस्तकात नव्हते, तरी मुलाबाळांनाही ते पाठ होते.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर येथे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. या कारभारातील पाट, चारी, जागल्या हे शब्द येथल्या मातीतले आहेत. हवालदार, हक्क, हिस्सा, हिशेब, वसूल हे अरबी-फारसीतून आलेले आहेत. दोन्ही प्रकारचे शब्द एकाच पंचासमोर एकाच वाक्यात बोलले जात, आणि कोणालाही त्यातला परका कोण हे विचारावेसे वाटले नाही. पाणी वाटून घेता घेता भाषाही वाटून घेतली गेली.

बांधले कोणी?

असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी घराण्याचे राज्य होते. तापीकाठचे थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी. पुढे बुऱ्हाणपूर वसले. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. बागलाणात तोपर्यंत बागुल राजे होते. १६३८ मध्ये तेही राज्य मोगलांनी घेतले. त्यानंतर मराठ्यांचा अंमल आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांचा. जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय लोकपरंपरा मुसलमान राजवटीस, विशेषतः फारुकींस देते. परंतु सर्व बंधारे एकाच राजाने एकाच काळी बांधले असे मानण्याचे कारण नाही. नदी तीच, गावे तीच, राज्ये मात्र बदलत गेली.

आणि हाच या इतिहासाचा खरा धडा आहे. पाच राजवटी आल्या आणि गेल्या. पाटकरी मात्र रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून चारीवर हजर होता. बंधाऱ्याचा दगड राजाने दिला असेल, पण पाण्याचा न्याय गावाने दिला. केवळ दगड टिकला असता आणि न्याय मेला असता, तर पुढच्या पिढ्यांच्या हाती एक पडकी भिंत तेवढी राहिली असती.

इंग्रजी अंमलात १८७९ साली मुंबई पाटबंधारे कायदा झाला. मोठे सरकारी कालवे आले, कालव्यांचे अधिकारी आले. या कायद्यात पुढे 'दुसऱ्या वर्गाच्या' कामांसाठी स्वतंत्र भाग आला आणि अशा जुन्या लहान बंधाऱ्यांवरील हक्क व रूढी नोंदवून ठेवण्याची सोय झाली. म्हणजे रूढी सरकारी कागदावर चढली.

याच सुमारास, १८८४ साली, एक तरुण अभियंता मुंबई इलाख्याच्या नोकरीत रुजू झाला आणि लवकरच खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात आला. दातर्ती येथे एका नाल्याखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम त्याने पुरे केले. हेच पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होत. पुढे पुण्यास असताना त्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' सुरू केली. तीत जमिनीचे गट पाडून पिके फिरती ठेवावयाची आणि पाणी दूरवर पोचवावयाचे अशी योजना होती. फड आणि ब्लॉक यांतील साम्य कोणाही विद्यार्थ्यास दिसावे असे आहे.

मग बिघडले कोठे?

काही गावांत फडाच्या खुणा अजून आहेत, परंतु जुने वैभव राहिले नाही. याची कारणे एका माणसाच्या माथी मारता येत नाहीत. डोंगरावरचे जंगल तुटले, नद्या लवकर आटू लागल्या आणि बंधारे गाळाने भरले. स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर आणि पांझरेवर लाटीपाडा अशी धरणे झाली. पाणी केव्हा सोडावयाचे हे पंचांऐवजी कचेरीत ठरू लागले. जमिनीच्या वाटण्या झाल्या, विकत घेणारे नवे लोक आले, आणि प्रत्येक फडात प्रत्येकाचा वाटा हे गणित विसकटले. उसाला चांगला पैसा मिळू लागला तेव्हा फड बदलण्यास कोण तयार होणार?

सर्वांत मोठा बदल मात्र विहिरीवरच्या विजेच्या मोटारीने घडविला. विहीर ज्याची त्याची, बटण ज्याचे त्याचे. पूर्वी शेजाऱ्याशी भांडण झाले तरी त्याच्याबरोबर गाळ काढावयास जावेच लागे, कारण पाट एकच होता. मोटार आल्यावर शेजाऱ्याची गरज उरली नाही. मोटार वाईट असे मी म्हणत नाही. तिने कित्येकांची घरे वर काढली. परंतु जमिनीवरून वाहणारे पाणी सर्वांना दिसत होते, म्हणून त्याचा हिशेब ठेवता येत होता. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, म्हणून ज्याची नळी खोल त्याचे पाणी असा न्याय सुरू झाला. हा न्याय नव्हे. आधी दोनशे फूट, मग चारशे फूट, आणि शेवटी टँकर.

अंदलुसचा दाखला

कोणी म्हणेल, "मास्तर, जुनी पद्धत होती, काळाबरोबर गेली. त्यात काय एवढे?" यावर आपल्या वाचकांना परिचित असलेल्या अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या इतिहासातील एक दाखला देतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वलेन्सिया हे शहर आहे. तूरिया नदीचे पाणी पाटांनी तेथील शेतांत जाते. या पाटांस स्पॅनिश भाषेत 'असेकिया' म्हणतात. तो अरबी 'साकिया' शब्दच होय. १२३८ साली हे शहर ख्रिस्ती राजा जाइमे याने जिंकले. त्याने पाणीवाटपाच्या जुन्या चालीरीती मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. १६०९ मध्ये तर मुस्लिम वंशाच्या शेतकऱ्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. माणसे गेली, पण पाण्याचा नियम राहिला.

आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता वलेन्सियाच्या मोठ्या चर्चच्या दारात पाणी-न्यायालय भरते. आठ पाटांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी अर्धवर्तुळात बसतात. वकील नाही, लांबलचक कागद नाहीत. तोंडी तक्रार, तोंडी जबाब आणि तेथेच निकाल. २००९ साली युनेस्कोने या न्यायालयास मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. योगायोग असा की, त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीस मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक पाणी, कुरण, जंगल यांची नासाडी अटळ नसते. वापरणारे लोक स्वतः नियम करून ते सांभाळू शकतात, हे त्यांनी देशोदेशींच्या उदाहरणांनी दाखविले होते. वलेन्सिया हे त्यांतलेच एक उदाहरण. तेव्हा जुने म्हणजे मरणारच, असे नाही.

फडाची उणीव आणि नवे प्रयत्न

जुन्याची स्तुती करताना त्याची उणीव झाकणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. फडात पाण्याचा हक्क जमिनीबरोबर चाले. ज्याची जमीन नाही त्याला पाणी नाही. न्याय होता, पण तो जमीनवाल्यांपुरता.

ही उणीव महाराष्ट्रातच एका माणसाने ओळखली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे 'पाणी पंचायत' सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते, असा नियम त्यांनी केला. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. फडाच्या न्यायाला त्यांनी जणू पुढचे पाऊल जोडून दिले.

नाशिक जिल्ह्यात ओझर येथे वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी १९९१ साली पाणीवापर संस्था स्थापन केल्या, आणि पाणी मोजून घेऊन आपसांत वाटण्यास आरंभ केला. २००५ साली राज्यात शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. अशा संस्थांच्या कारभारात कालव्याच्या मुखाकडील, मधल्या आणि शेपटाकडील शेतकऱ्यांस स्थान देण्यात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि पावसाच्या पाण्याचा दरवर्षी जमाखर्च मांडून पिके ठरविली. पांझरेच्या उगमाचा जो साक्री तालुका, त्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने अकराशे एकरांचे जंगल स्वतः नियम करून राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर जंगल राहिले तरच खाली नदी राहणार, हे त्या गावाने करून दाखविले.

आपण काय करावे?

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळजण शहरात राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी दुकानात, कोणी नोकरीत. आपला फडाशी संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या मोहल्ल्यात दहा घरांना दहा बोअर आहेत आणि अकरावा घरवाला घागर घेऊन रांगेत उभा आहे, तेथे फडाचाच प्रश्न वेगळ्या वेशात उभा आहे. दहा घरांनी बसून ठरविले, एका बोअरचे पाणी वेळ नेमून वाटले आणि छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत जिरविले, तर तेही पंचच होत. त्यासाठी कोणत्याही कचेरीच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यासाठी एक काम सुचवितो. सुटीत आजोळी जाल तेव्हा गावातील सर्वांत म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसा. तुमच्या गावचा बंधारा कोणता, पाटकरी कोण होता, पाळी कशी लागे, भांडण कसे मिटे, हे विचारा आणि तारखेनिशी वहीत लिहून काढा. राजांचा इतिहास दगडांवर आणि ताम्रपटांवर कोरलेला आहे, तो थांबेल. पाटकऱ्याचा इतिहास केवळ माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे थांबणार नाहीत.

आपल्या पूर्वजांनी पाण्यापुढे सर्वांना एका ओळीत उभे केले होते. पाटकरी शेताचा मालक पाहत नसे, फक्त त्याची पाळी पाहत असे. ती ओळ आपल्या मोहल्ल्यात पुन्हा लावणे आपल्या हाती आहे.